मानेतला आवाज गेला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे, आणि झाल्या प्रकाराने अजूनही माझी नळी थरथरते आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका नव्या डॉक्टरबाईंच्या गळ्यात पडलो. दवाखाना म्हणजे दोन बाकडी, एक पडदा आणि सतत कुणीतरी खोकणारे. "या नळीला खोटं कळत नाही," असे बाई माझे कौतुक करत, आणि मी फुगून जाई. पुढे आकडे दाखवणारी यंत्रे आली. मी खिळ्याला लटकलो, आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही.

बाईंची लेक डॉक्टरकी शिकू लागली, तेव्हा मला खाली काढले. दवाखान्यात येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांना शिकवण्याची बाईंची एक जुनी रीत होती. शिकणाऱ्याने माझी चकती बाईंच्याच मानेवर धरायची आणि काही ऐकू येत नाही, हे ऐकायचे! कारण निरोगी धमनीत रक्त थराथराने, शिस्तीत सरकते. त्याला 'लॅमिनार' म्हणतात. ते गुपचूप जाते. वाट अरुंद झाली की तेच रक्त जोरात घुसते, पुढे भोवरे होतात आणि सूं सूं आवाज येतो. ते 'टर्ब्युलंट'. आजवर प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला त्या मानेत शांतताच मिळाली होती.

"येतंय की आवाज," लेक म्हणाली.

मी चाट पडलो. खरेच येत होता!

"दाबलंस तू," बाई हसल्या. "दाबलं की धमनी चेपते आणि चांगलं रक्तही आवाज करतं. हलकं धर."

"हलकंच धरलंय, आई."

"हात बसायचाय अजून तुझा."

अहो, पोरीने मला पिसासारखे धरले होते! मी ओरडून सांगणार होतो, पण देवाने मला तोंडच दिले नाही.

लेक वसतिगृहात परतली. काही महिन्यांनी सुट्टीत आली, तेव्हा बाईंनी हौसेने मान पुढे केली. लेकीने कान दिला. काही नाही. पूर्ण शांत.

"बघ! बसला हात!" बाईंनी टाळी वाजवली. मीही हुश्श केले.

लेकीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. "आई, आवाज होता तेव्हा निदान रक्त जोरानं जात तरी होतं. आता जातंय का?"

बाईंचे हसू जागच्या जागी थिजले. शांतता म्हणजे आरोग्य, हेच मी जन्मभर धरून बसलो होतो!

"बाहेर पेशंट बसलेत गं," बाई पुटपुटल्या.

"बसू देत."

तपासणीत कळले, त्या धमनीतली वाट जेमतेम दोऱ्याएवढी उरली होती; रक्त इतके थोडे जात होते की आवाजही उठत नव्हता. तातडीने ऑपरेशन झाले. अजून थोडा उशीर झाला असता तर मेंदूला रक्त न पोहोचून अर्धे अंग लुळे पडले असते, असे सर्जन म्हणाले.

मानेला टाके घातलेल्या बाई खाटेवरून हळूच म्हणाल्या, "एवढ्या माना तपासल्या मी. माझी कुणी तपासली नाही बघ."

"मी तपासली होती," लेक म्हणाली. "तू मलाच नापास केलंस."

मित्रांनो, सगळ्यांची काळजी घेणारे एक माणूस तुमच्याही घरात असेल. त्याचे काही बिघडले आहे असे तुम्हाला जाणवले आणि त्याने ते हसून उडवले, तर गप्प बसू नका. त्याचा हात धरा आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.