प्रवेशाची टाळी

एनिड सग्डन यांच्या अभिनयजीवनावर लिहिणारे बहुतेक लोक दूरचित्रवाणीपासून सुरुवात करतात आणि तिथेच संपवतात. ही पद्धत मला मान्य नाही. बाई सतराव्या वर्षी हॅलिफॅक्सच्या आमच्या एम्प्रेस थिएटरात दाखल झाल्या, तेव्हा गावात कोणाच्या घरी दूरचित्रवाणी नव्हती. दर आठवड्याला नवे नाटक, अशी तेव्हाची रीत होती: संध्याकाळी एक नाटक करायचे, सकाळी पुढच्या नाटकाची तालीम घ्यायची आणि रविवारी नेपथ्य उभे करायला हातभार लावायचा. या गिरणीत घडलेल्या बाई पुढे लंडनला गेल्या. तिथे त्यांनी राण्या केल्या, मोलकरणी केल्या, नवऱ्याला विष घालणारी एक पाद्र्याची बायकोही केली. मग ‘कॅनल रो’ या मालिकेत त्यांना मासे-बटाट्याचे दुकान चालवणाऱ्या पेग टर्नरचे काम मिळाले. करार सहा आठवड्यांचा होता. पेग एकोणीस वर्षे टिकली.

शेवटी मालिकेच्या नव्या कारभाऱ्यांनी तिला दुधाच्या गाडीखाली मारले. प्रेक्षकांनी स्टुडिओत पुष्पचक्रे पाठवली. त्यानंतर बाई गावी परतल्या, तेव्हा बसच्या थांब्यावर एका अनोळखी बाईने त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, “अगं, तू जिवंत आहेस होय!”

त्याच वर्षीच्या, म्हणजे १९७९च्या शरदात, आमच्या थिएटरने बाईंना घेऊन एक नवे नाटक बसवले. दिग्दर्शन रूथ हॅलमचे होते आणि रंगमंच व्यवस्थापक मी. बाईंची भूमिका हेस्टर नावाच्या विधवा आईची. पहिला अंकभर ती एक शब्द बोलत नाही. दोन मुली तिच्यादेखत घर विकण्यावरून भांडतात आणि ती खोलीत आहे हे दोघींच्या गावीही नसते. घरात असून कोणाला न दिसणारी बाई, हा नाटकाचा सगळा आशय. डाव्या दाराने कोळशाची बादली घेऊन ती आत येते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही, असे संहितेत लिहिलेले होते.

पहिल्या प्रयोगाला दार उघडले आणि सहाशे माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दोन्ही मुली तोंडे अर्धवट उघडी ठेवून थांबल्या. बाल्कनीतून कोणीतरी ओरडले, “पेग, दोन मासे बांध गं!” हशा पिकला. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या रूथने डोके दोन्ही हातांत धरले.

लाडक्या नटीच्या प्रवेशाला टाळी देणे हे आमच्याकडे सौजन्य मानले जाते. टाळीला माझा विरोध नाही. ज्या क्षणी ती वाजते त्या क्षणाला आहे. जिला कोणी पाहत नाही अशा बाईचे सहाशे माणसांनी स्वागत केले, की नाटक तिथेच संपते, आणि पुढचे दोन तास आपण फक्त नटीला पाहत राहतो.

दुसऱ्या दिवशी बाई पाठमोऱ्या आल्या. टाळी पडली. तिसऱ्या दिवशी मुलींचे भांडण ऐन भरात असताना आल्या. टाळी पडली, आणि शिवाय शिट्टीही. त्याच रात्री, बुधवारी, प्रयोगानंतर आम्ही चौघे बाईंच्या रंगपटात जमलो: बाई, रूथ, मी आणि थिएटरचा कारभार पाहणारा नॉर्मन बॅस्टो. खूश होता तो एकटाच.

“बाई, अहो, टाळी थांबवायची म्हणजे काय?” नॉर्मन म्हणाला. “उद्या लंडनहून निर्माता लायनल कार्व्हर येतोय. ती टाळी ऐकली ना, की नाटक उचलतोय तो! तुम्ही पुन्हा लंडनला, थेट!”

“टाळी मला नाही रे, गाडीखाली मेलेल्या पेगला आहे.”

“मेली तर मेली, तिकिटं तीच खपवतेय.”

“नॉर्मन, गप्प बस जरा,” रूथ म्हणाली.

बाई आरशाकडे पाहत शांतपणे बोलल्या. “लंडन मला हवंय. नकोय असं म्हटलं तर ती थाप होईल. पण तीन दिवस मी हेस्टर करतेय आणि एकाही माणसानं हेस्टर बघितली नाही. अडुसष्ट वर्षांची झाले मी. पेग वजा केली तर माझ्यात नटी म्हणून काही उरतं का, ते मला याच नाटकात कळणार आहे. पुढचं नाटक कोणी देईल न देईल.”

“मग करायचं काय?” मी विचारले. “दारातून तर यावं लागणारच.”

“यायचंच नाही. दारं उघडायच्या आधी स्टेजवर जाऊन बसायचं. लोक येतील तेव्हा मी तिथे असेनच. आलेच नाही, तर टाळी कशाला?”

प्रेक्षागृहाची दारे उघडली, की पहिल्या प्रवेशापर्यंत नटाने प्रेक्षकांना नखसुद्धा दाखवायचे नाही, हा आमच्याकडचा कडक शिरस्ता. विंगेत शिट्टी वाजवणे अपशकुनी, पण त्यालाही एकवेळ माफी असते, याला नाही.

“लोक कोट काढतायत, गोळ्यांचे कागद वाजवतायत, आणि तुम्ही समोर बसून राहणार?” नॉर्मन म्हणाला. “पन्नास वर्षांत असलं काही केलंत का कधी?”

“नाही केलं. म्हणूनच कोणाच्या डोक्यात येणार नाही.”

मीही हरकत घेतली. प्रयोगाला अर्धा तास उरला, ही हाक मी रंगपटात देतो. नट रंगपटात नसेल तर हाक कोणाला द्यायची? इतका वेळ बाई बसून राहतील कशा? खोकला आला तर?

“हेस्टरलाही खोकला येतच असेल की, बाळा,” बाई म्हणाल्या. वाद तिथे संपला. मी सहसा वाद हरत नाही.

गुरुवारी बाई शेगडीशेजारच्या बुटक्या स्टुलावर प्रेक्षकांना अर्धवट पाठ करून बसल्या. डोक्याला जुना रुमाल, मांडीवर परात, बाजूला वाटाण्याच्या शेंगा. मी दारे उघडायला सांगितले. लोक आले, खुर्च्या शोधू लागले, आपापसांत बोलू लागले. स्टेजवर कोणीतरी म्हातारी काम करत बसली आहे, एवढेच काय ते त्यांनी पाहिले. पहिल्या रांगेतली एक जाडजूड बाई तर रंगमंचाच्या कडेला टेकून म्हणाली, “अहो मावशी, पेग कुठल्या दारानं येते हो? नीट दिसावी म्हणून मुद्दाम पुढची तिकिटं काढलीत.”

बाईंनी मान न वळवता हातातली शेंग डाव्या दाराकडे केली.

“फ्रँक, ऊठ,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुझी जागा मला दे.”

प्रयोग सुरू झाला. सगळ्यांचे डोळे डाव्या दाराला लागलेले. दार काही उघडेना. हळूहळू लोक दार विसरले आणि भांडण ऐकू लागले. ते शेवटपर्यंत ऐकू आले, असा हा पहिलाच प्रयोग. थोरली मुलगी किटली घ्यायला आईच्या तोंडासमोरून हात नेते. प्रेक्षकांत हालचाल झाली. अंकाच्या शेवटी ती घड्या घातलेल्या कपड्यांचा ढीग खुर्चीवर ठेवावा तसा आईच्या मांडीवर ठेवून निघून जाते. तेव्हा अंधारातून एका बाईचा आवाज आला, “अगं ए, ती आई आहे तुझी!”

मध्यंतरात नॉर्मन धावतच विंगेत आला.

“बाहेर पैसे परत मागायला रांग लागलीय. म्हणतायत, सग्डनबाई आजारी आहेत, बदली उभी केलीत आणि आम्हाला सांगितलंही नाहीत.”

“खरंच म्हणतायत?” बाईंनी विचारले.

“खरंच काय! एक जण म्हणते, ती वाटाणेवाली बरी आहे, पण आम्ही आलोय पेगसाठी.”

“बरी आहे म्हणाली?”

“पुढचं ऐका ना, बाई!”

“पुढचं राहू दे. बरी आहे म्हणाली, की चांगली आहे म्हणाली?”

“चांगली,” नॉर्मन रडवेल्या स्वरात म्हणाला. “फार चांगली, म्हणाली.”

त्याच्या मागोमाग लायनल कार्व्हर आला. उंची कोट, गोड जिव्हाळ्याची भाषा. “एनिडबाई, युक्ती झकास. पण लंडनमध्ये हे चालायचं नाही. तिथले लोक पेग मेल्याचं दुःख विसरायला येणार आहेत. तुम्ही दारातून याल, टाळी घ्याल, मग नाटक. आत्तासुद्धा दुसऱ्या अंकाआधी एक घोषणा करून टाकू, म्हणजे लोकांचा राग जाईल.”

“आणि मी दारातून आले नाही तर?”

“तर मग नाइलाज. हेस्टर करू शकतील अशा बायका लंडनमध्ये पुष्कळ आहेत.”

बाईंनी वाटाण्याची परात बाजूला ठेवली. लंडनची त्यांना किती ओढ होती हे मला ठाऊक होते, म्हणून मी दुसरीकडे पाहिले.

“आहेत खऱ्या,” त्या म्हणाल्या. “त्यांच्यातलीच एखादी घ्या, लायनलसाहेब. मीही त्यांच्यातलीच आहे, हे मला आत्ता बाहेरच्या रांगेनं सांगितलं. ते परत द्यायची माझी तयारी नाही.”

नॉर्मनने घोषणेसाठी माझ्याकडे पाहिले. प्रयोग चालू असताना रंगमंचावर व्यवस्थापकाचा शब्द अखेरचा असतो. मी घोषणा न करता घंटा दिली.

दुसऱ्या अंकात हेस्टर पहिल्यांदा बोलली, “शेगडीवरचं उतरवा, करपतंय,” आणि प्रेक्षागृहात एक कुजबुज रांगेमागून रांग पुढे सरकत गेली. आवाज ओळखीचा होता. पण टाळी वाजली नाही. बाई आपल्या मुलींना काहीतरी सांगत होत्या आणि ते लोकांना ऐकायचे होते.

वसंतात नाटक लंडनला गेले, ते दुसऱ्या नटीला घेऊन. तिने चांगले काम केले असे म्हणतात. न पाहता मी त्यावर वाद घालणार नाही. आमच्याकडचे प्रयोग ठरल्याप्रमाणे झाले. त्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, दारे उघडण्याआधी बाई स्टेजवर आल्या, स्टूल कमरेला फार टोचते अशी तक्रार केली आणि उशी मागितली. मी एक जाड उशी आणून दिली. त्यांनी ती झग्याच्या घेराखाली झाकून घेतली, शेंगांची टोपली जवळ ओढली आणि म्हणाल्या, “हं, येऊ दे त्यांना.”