तीनशे बारा उंबरे

"खाकर की रं! मुकाट कसा शिरतोस घरात? मांजर हैस का माणूस?"

कमलाआत्याचा हा आवाज उज्ज्वलच्या कानात पंचवीस वर्षं मुक्कामाला होता. आत्या जात्यावर बसलेली, पदर कमरेला खोचलेला, ओवी अर्ध्यावर, आणि हा शाळेतून धावत थेट आत. आत्या खुंटा धरून थांबायची आणि त्याला परत उंबऱ्याबाहेर धाडायची. बाहेर जाऊन तो एवढंसं खाकरायचा. मग आतून गोड साद यायची, "कोण आलंय? ये बाबा, ये." जाणारा तोच, येणारा तोच, पण मधल्या एका खाकरण्यानं चोराचा पाहुणा व्हायचा.

आता उज्ज्वल सिंगापुरात, हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीतले संगणक सांभाळायचा. पाच मजले, तीनशे बारा संगणक, आणि कुणाचंही काही अडलं की हा जिने चढतोय, उतरतोय. म्हणून लिम साहेबांनी फर्मान काढलं होतं: सगळ्या संगणकांवर असं सॉफ्टवेअर टाक, की आपल्या खुर्चीत बसून कुणाचाही पडदा दिसावा, माउस हलवता यावा, दुरुस्ती व्हावी.

"आणि सगळं सायलेंट हां," साहेब वाक्याच्या शेवटी सिंगापुरी 'ला' लावत म्हणाले होते. "खिडकी उघडायला नको, यस-नो विचारायला नको. विचारलं की लोक घाबरतात आणि फोन मला करतात, ला!"

शुक्रवारी दुपारी उज्ज्वलनं स्क्रिप्ट लिहिली, संगणकांच्या नावांची यादी तिला जोडली आणि एंटर दाबलं. जात्यातून पीठ झरावं तशी नावं पडद्यावर झरू लागली. झालं, झालं, झालं. मजल्यामजल्यावर माणसं टाइप करत होती, कॉफी पीत होती, घरी फोन लावत होती, कुणाला तीळभरही कळलं नाही. दोन तासांत तीनशे बारा उंबरे ओलांडून झाले. कामाचा माणूस तो, छाती जरा फुगलीच.

चालतंय का बघावं म्हणून त्यानं यादीतलं एक नाव उचललं. चौथा मजला, मालाची कागदपत्रं करणारा विभाग, सतरा नंबर. पडदा उघडला. कागदपत्रं कुठली, पांढऱ्या पानावर चक्क मराठी!

त्या मजल्यावर मराठी लिहिणारं माणूस एकच, सुरेखाताई. नांदेडकडच्या, आता बेडोकला राहणाऱ्या. उज्ज्वल सिंगापुरात आला त्या पहिल्याच रविवारी त्यांनी त्याला जेवायला बोलावलं होतं, आणि मग दर रविवार त्याच्या नावावर लावून टाकला होता.

पानावर वर लिहिलं होतं, 'आईच्या ओव्या'. खाली ओळीला ओळ लागलेली. कुठे भीमरायाची, कुठे भावाची, कुठे माहेरच्या वाटेची. अगदी तळाला एक अर्धीच:

लेक गेली गं माझी, सात पाण्याच्या पल्याड

आणि पुढे नुसती लुकलुकणारी उभी रेघ. ताईंनी काही टाइप केलं, पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. शेवटी लिहिलं, 'आई, पुढचं आठवत नाही गं.'

ताईंची आई जाऊन दोन वर्षं झाली होती.

उज्ज्वलनं खिडकी झटकन मिटली. पण दिसायचं ते दिसून गेलं होतं. आणि गंमत अशी, की पुढची ओळ त्याला येत होती. कमलाआत्या तीच ओवी गायची, फक्त लेकीच्या जागी भाऊ घालून.

रविवारी बेडोकच्या फ्लॅटमध्ये ताई भाकऱ्या थापत होत्या. त्यांची तेरा वर्षांची एकता पुस्तकात नाक खुपसून ताटावर बसली होती.

"आज गप्प का रे? कुठली पोरगी बघून आलास?" ताईंनी विचारलं.

"नाही हो ताई."

"मग खा. वांग्यात मीठ कमी पडलंय ते मला ठाऊक आहे, तू सांगू नकोस."

तव्याकडे वळता वळता त्या गुणगुणल्या, "लेक गेली गं माझी, सात पाण्याच्या पल्याड..." आणि थांबल्या.

"मम्मी ऑल्वेज स्टॉप देअर वन, ला," एकता तिथल्या इंग्रजीत म्हणाली. मम्मी नेहमी तिथंच अडते.

ओळ उज्ज्वलच्या जिभेवर आली. देऊन टाकणं किती सोपं होतं! ताई हरखल्या असत्या, ताटात एक भाकरी जास्त पडली असती, आणि शुक्रवारचं कधी कुणाला कळलं नसतं. पण तेच त्याला टोचलं. हे पुन्हा मुकाट शिरणंच झालं. आणि खरं सांगावं, तर ताई काय म्हणतील? अख्ख्या सिंगापुरात खाकरून आत जावं असं त्याला हे एकच घर होतं. ते दार मिटलं तर? घासाबरोबर त्यानं ओळही गिळली.

सोमवारी सकाळी तो लिम साहेबांपुढे उभा राहिला.

"सर, बसवलं ते गुपचूप, ठीक आहे. पण बघताना विचारायला हवं. पडद्यावर छोटी चौकट येईल: संगणक विभागाचा माणूस येऊ का म्हणतोय. यस म्हटलं तरच आत."

"कुणी तक्रार केली?"

"नाही. आमच्या गावात माणूस खाकरून घरात येतो."

साहेबांनी चष्मा काढला, मग हसत सुटले. "माझी आजी कांपोंगमध्ये, आमच्या जुन्या खेड्यात, दारातूनच ओरडायची, जेवलात का! सगळी गल्ली सावध व्हायची. कर, कर. पण फोन मला आले तर तुझ्याकडे वळवीन, ला."

अकरा वाजेपर्यंत तीनशे बारा संगणकांना खाकरायला शिकवून झालं. मग उज्ज्वलनं पुन्हा सतरा नंबरवर बोट ठेवलं. तिकडं चौकट उमटली. मग उत्तर आलं: नो.

त्याला इतकं बरं वाटलं! आता दाराला नाही म्हणता येत होतं. तो उठला आणि जिना उतरून चौथ्या मजल्यावर गेला. ताईंच्या खुर्चीमागे थांबला. खाकरला.

"ये रे," मान न वळवता ताई म्हणाल्या. "सर्दी झाली का? या एसीनं सगळ्यांचं..."

"ताई, शुक्रवारी मी न खाकरता आलो होतो. तुमच्या पडद्यावर. ओव्या वाचल्या. आईला लिहिलेलंही वाचलं."

ताईंचा हात माउसवर थबकला, आत्याचा खुंट्यावर थबकायचा तसा. पलीकडे कुणाचा तरी प्रिंटर पानं काढत राहिला.

"मग आत्ताचं ते येऊ का, तुझंच?"

"हो."

"आणि मी तर नो म्हटलं."

"म्हणून तर पायी आलो."

ताई वळल्या. नाकाचा शेंडा लाल झालेला, पण ओठ हसू दाबत होते. "मेल्या, घरी चौथी भाकरी मागताना लाजतोस आणि इथं..." त्यांनी शेजारची खुर्ची पायानं त्याच्याकडे लोटली. "बस. अजून काही राहिलंय पोटात?"

"एक ओळ राहिलीय," उज्ज्वल म्हणाला. आणि खाली बसून, आत्याच्या चालीवर, त्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्यानं ती म्हटली:

"तिच्यासाठी गं ठेविते, रातंदिस उघडं कवाड."