सिस्टरची उंची

"ही काठी खोटं बोलतेय," सिस्टर म्हणाल्या आणि आडव्या पट्टीखालून डोकं काढून घेतलं.

शाळेच्या आरोग्यखोलीत उंची मोजायची नवी काठी आली होती. नव्या वस्तूवर सिस्टरचा चटकन विश्वास बसत नाही, म्हणून मुलांवर वापरण्याआधी त्या स्वतःच तिच्याखाली उभ्या राहिल्या. त्यांची उंची एकशे चौसष्ट सेंटिमीटर, हे सगळ्या शाळेला पाठ होतं. वरच्या फळीवरची औषधांची पेटी त्या स्टुलाशिवाय काढत, आणि कोणाचं लक्ष नसलं तर परत ठेवून पुन्हा काढत. काठी मात्र एकशे साठ म्हणत होती.

"लिही तक्रार."

मी शाळेची कारकून. सव्वीस वर्षं त्या मोजतात आणि मी लिहिते. तक्रार लिहिलीसुद्धा. मग शिवणाच्या बाईंची टेप आणून पाहिली, शेवटी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून पाहिली. काठी खरी निघाली. तक्त्यात मी सगळे रकाने भरले: उंची एकशे साठ, वेळ दुपारी चार. तक्रारीचा कागद सिस्टरनी घडी घालून पर्समध्ये टाकला.

चार सेंटिमीटर गेले कुठे, हे विचारायला त्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. तपासणीत कळलं की हाडं ठिसूळ झाली आहेत आणि कण्यातले दोन मणके दबले आहेत. वर्षभर पाठ दुखत होती, तर बाई दोष देत होत्या चपलांना! डॉक्टरीणबाईंनी रोज एक इंजेक्शन सांगितलं, हार्मोनचं.

"हार्मोन? मिशा येतील का हो?" मी विचारलं.

"आल्या तरी तुझ्याहून कमीच असतील."

औषधाचं पेन आरोग्यखोलीतल्या फ्रिजमध्ये असायचं, सुट्टीच्या दिवसांपुरतं त्या ते घरी नेत. मधल्या सुट्टीत मी दार लावून उभी राहायची आणि त्या पोटाला टोचून घ्यायच्या. पहिला आठवडा गरगरायचं, म्हणून मुलांच्या कॉटवर दहा मिनिटं आडव्या व्हायच्या. पण पडल्या पडल्याही तोंड चालू.

"गंमत बघ. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्यांचंच हे हार्मोन. दिवसभर जास्त राहिलं तर हाडातलं कॅल्शियम उपसून काढतं. पण रोज एकदा थोडंसं आलं आणि लगेच गेलं, तर तेच हाड बांधायला लावतं. एकच वस्तू, आणि काम उलटं!"

"नणंदेसारखं," मी म्हटलं. "रोज डोकावून गेली तर घर आवरलेलं राहतं. मुक्कामाला आली की घर मोडतं."

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना पाठ धरावी लागली. त्यांनी डॉक्टरीणबाईंना शंभर प्रश्न विचारले होते. एक मात्र विचारला नव्हता, आणि तो कुठला ते मला माहीत होतं. हाड पुन्हा बांधलं जातंय, मग माणूसही वर चढत असेलच ना? वरच्या फळीवरची पेटी त्यांनी अजून खाली घेतली नव्हती.

आठ महिन्यांनी एकदा सकाळी मी शाळेत शिरते तोच त्यांनी हाताला धरून आत ओढलं.

"बघ! एकशे एकसष्ट!"

मी पुन्हा पट्टी टेकवून पाहिली. टाचा जमिनीला, डोकं सरळ, एकशे एकसष्ट. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. तक्ता काढून मी सवयीने एकेक रकाना भरू लागले.

"वेळ?"

"साडेसा..." त्या थांबल्या.

रात्रभर आडवं पडल्यावर प्रत्येकच माणूस सकाळी थोडा उंच असतो आणि दिवसभरात दबतो. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. वेळ न लिहिलेले अख्ख्या वर्गाचे तक्ते त्यांनी एकदा परत पाठवले होते. मी जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

"चारला ये," एवढंच त्या म्हणाल्या.

चारला एकशे साठ भरली.

पुढच्या तपासणीला मी सोबत गेले. डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. हाडाची घनता छान वाढली होती.

"आणि उंची?" सिस्टरनी खिडकीकडे बघत विचारलं.

"दबलेला मणका पुन्हा वर येत नाही. पुढचा दबू नये, यासाठीच हे सगळं."

"म्हणजे नाहीच?"

"नाही."

मला त्या बाईचा रागच आला. जरा गोड बोलली असती तर काय बिघडलं असतं! रस्त्यात सिस्टर म्हणाल्या, "चांगली आहे गं. गोलगोल बोलली नाही."

औषध त्यांनी एक दिवसही चुकवलं नाही. कोर्स संपला तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. एका दुपारी त्या कचेरीत माझ्या टेबलापाशी आल्या.

"माझं सेवापुस्तक काढ."

काढलं. पहिल्याच पानावर, नोकरीला लागतानाच्या नोंदीत, उंची एकशे चौसष्ट.

"दुरुस्त कर."

"राहू द्या ना, सिस्टर. आता कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना."

मी पट्टी घेतली. कचेरीत खाडाखोड चालत नाही. एकच बारीक रेघ मारायची आणि खालचा आकडा वाचता आला पाहिजे, असा नियम. रेघ मारून मी वर एकशे साठ लिहिलं. सिस्टरनी शेजारी सही केली, नेहमीसारखीच मोठी, दोन ओळी व्यापणारी.