गळ्यातली पाटी

सकाळची फेरी संपली तेव्हा सिस्टरबाईंच्या पायांचे तुकडे पडले होते. नर्सिंगच्या मुलींना शिकवता शिकवता बावीस वर्षं गेली होती. त्यांच्या टेबलाजवळ खिळ्याला एक लाकडी पाटी टांगलेली असे: ‘मी इंग्रजी बोलत नाही.’ वॉर्डात जी मुलगी आपल्या भाषेत बोलताना सापडेल, तिच्या गळ्यात ती दिवसभर. तीनदा पडली की वसतिगृहातून नाव कमी. नियम मेट्रनबाईंचा, पण पाटी अडकवायची सिस्टरबाईंनी. शिकत असताना त्यांनीही ती गळ्यात वागवली होती. पण जाच सोसलेली सूनच पुढे सासू होते, त्यातली गत.

इतक्यात धाकटी टेबलापाशी येऊन उभी राहिली. वर्गात सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी. तिला दोनदा पाटी पडून झाली होती.

“सिस्टर... पेशंट... पेशंट इज...”

“पूर्ण वाक्य. इंग्लिशमध्ये,” वही लिहिता लिहिता सिस्टरबाई म्हणाल्या.

मागे वर्गातल्या दोघी फिदीफिदी हसल्या. धाकटीच्या तोंडाला कुलूप लागलं. ती निमूटपणे खाटेकडे परतली.

पाच मिनिटांत त्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची बायको ओरडली, “अहो बाई, धावा! ह्यांना श्वास घेता येईना!”

नुकतंच दिलेलं इंजेक्शन त्याला बाधलं होतं. डॉक्टर धावले, ऑक्सिजन लागला. म्हातारा वाचला, पण अगदी थोडक्यात.

“तुला दिसलं नव्हतं का गं?” घाईत सिस्टरबाईंनी आपल्याच भाषेत विचारलं.

“दिसलं होतं. अंगावर गांधी उठल्या होत्या. घसा आवळतोय, असं ते आजोबा मला म्हणालेसुद्धा.”

“मग दातखीळ बसली होती का?”

“शब्द जुळवत होते, सिस्टर. तिसरी पाटी पडली की घरी जावं लागेल. घरचे लग्न लावून मोकळे होतील.”

सिस्टरबाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली. पोर सांगायला आली होती आणि त्यांनी मान वर करून पाहिलंही नव्हतं.

मेट्रनबाई तरातरा आल्या. “रिपोर्ट, सिस्टर.”

“मुलीनं वेळेवर पाहिलं होतं, बाई. सांगायलाही आली होती. मी ऐकलं नाही.”

बावीस वर्षांत मेट्रनबाईंपुढे त्या कधी आपल्या भाषेत बोलल्या नव्हत्या.

“सिस्टर! लँग्वेज!”

सिस्टरबाई उठल्या. खिळ्यावरची पाटी काढून त्यांनी स्वतःच्याच गळ्यात घातली.

“इंग्रजी मी हिला शिकवीन, रोज शिकवीन. पण ही पाटी आता कुठल्याही मुलीच्या गळ्यात जाणार नाही.”

मग त्यांनी वही पुढे ओढली. “हं, धाकटे, सांग. पहिल्यापासून, तुला येईल तसं.”