छातीवरचे नाव

माझे साडू पोलीस खात्यात हवालदार आहेत आणि मी शिवणकाम करतो. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. साडूंचा गणवेश सैल झाला अथवा, बहुतेक वेळा, घट्ट झाला, की ते माझ्या दुकानाची पायरी चढत. परंतु मोर्चाच्या आदल्या दुपारी ते आले तेव्हा त्यांच्या खांद्यावरचे गाठोडे एका माणसाच्या कपड्यांचे नव्हते, हे मी मशीनवरूनच ओळखले.

"मास्टर, या शर्टांवरच्या नावाच्या पट्ट्या तेवढ्या उसवून द्या," ते म्हणाले आणि पंख्याखाली बसले.

"का हो?"

"जुन्या झाल्यात. नव्या येणार आहेत."

मी एक शर्ट उजेडात धरला. पट्टी कोरी करकरीत होती.

"मग नव्या येऊ द्यात की. एकदमच काढतो, एकदमच बसवतो. कापडाला दोनदा भोकं कशाला?"

"उद्या सकाळी अंगावर हवेत शर्ट."

"बिननावाचे?"

"मास्टर, तुम्ही शिंपी आहात का फौजदार?" ते हसले, पण ते हास्य ओठांच्या पलीकडे गेले नाही. "वरून आलंय. लोक फोटो काढतात, नाव वाचतात, मग घरच्यांना फोन करून शिव्या घालतात. तुमच्या मेहुणीला घातलेल्या चालतील?"

हे कारण सर्वस्वी खोटे होते असे मी म्हणणार नाही. तथापि एकाच प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली, की माझ्या मनात पाल चुकचुकते. शिवाय खात्याचा स्वतःचा शिंपी असताना हे काम नातलगाच्या दुकानात का यावे?

जाता जाता ते दाराशी थबकले. "आपली पोर उद्या घरीच आहे ना?"

"का बरं?"

"सहज. घरीच ठेवा."

'सहज' हा शब्द इतका जड मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

माझी कन्या महाविद्यालयात शिकते. सभाबंदीच्या नव्या कायद्याविरुद्ध निघणाऱ्या त्या मोर्चात ती जाणार होती. दुकान आणि घर यांच्यामध्ये केवळ एक पडदा असल्यामुळे तिने सर्व काही ऐकले होते.

"बाबा, नाव काढून येतायत म्हणजे काय करायचं ते ठरवूनच येतायत."

"म्हणूनच म्हणतो, जाऊ नकोस."

"आणि सगळ्यांच्या बाबांनी असंच म्हटलं तर?"

मी ब्लेड घेऊन उसवायला बसलो. एकामागून एक माणसे निनावी होत गेली. शेवटी साडूंचा स्वतःचा शर्ट हाती आला आणि माझा हात थांबला. मी विचार केला की, ज्याच्या छातीवर नाव आहे तो काठी उचलण्यापूर्वी क्षणभर तरी कचरेल. आणि तो क्षणच कदाचित माझ्या मुलीच्या कामी येईल. मी ती पट्टी तशीच ठेवली, शर्टाची घडी छातीची बाजू आत करून घातली आणि तो गठ्ठ्याच्या मध्ये सरकवला.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी कन्या परतली ती हात प्लास्टरमध्ये घेऊन.

"कोणी?" मी विचारले.

"नाव नव्हतं. काकांच्या शेजारी उभा होता तो. मी खाली बसले होते, बाबा. नुसती बसले होते." मग ती म्हणाली, "काकांनी काठी उचललीच नाही. सगळ्यांत फक्त त्यांच्या छातीवर नाव होतं."

माझा अंदाज खरा ठरला याचा आनंद एका रात्रीपुरताच टिकला. सकाळी एक छायाचित्र घरोघरी पोहोचले. त्यात उगारलेल्या काठ्यांची संपूर्ण रांग होती आणि वाचता येईल असे नाव एकच होते. दुपारपर्यंत मेहुणीच्या फोनवर शिव्यांचा पाऊस पडू लागला.

साडू आले ते थेट शटर अर्धे ओढूनच.

"घाईघाईत गाडीतच कपडे चढवले आम्ही. साहेबांनी रस्त्यावर माझी पट्टी पाहिली तेव्हा कळलं. मुद्दाम केलंत ना?"

"होय."

"मला अडकवायला?"

"तुम्हाला अडवायला."

"हात अडला माझा. आणि सगळ्यांचं पाप माझ्या माथी आलं!"

पडदा सरला आणि कन्या बाहेर आली. लाठीमाराच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली होती आणि तिच्यापुढे ती तक्रार देणार होती. "काका, मी लिहिणार आहे की तुम्ही मारलं नाही."

त्यांचा चेहरा जरा सैलावला.

"आणि मारणारा कोण ते तुम्हाला माहीत आहे, असंही."

साडू मटकन स्टुलावर बसले. "त्यापेक्षा मी मारलं असं लिही."

"काय?"

"मारलं म्हटलंस तर निलंबन होईल. सगळे माझ्या पाठीशी राहतील, काही दिवसांनी परत घेतील. पण नाव सांगितलं तर… त्याच लोकांबरोबर मला रोज गाडीत बसायचंय, बाळ. दगड येतो तेव्हा तेच ढाल धरतात माझ्यापुढे."

"खोटं लिहू?"

"घरच्या माणसासाठी."

"मग मारणारा सुटला, काका."

दोघांनीही माझ्याकडे पाहिले. "खरं तेच लिही," मी म्हणालो. साडू शटरखालून वाकून निघून गेले. त्या दिवसापासून मेहुणीचा फोन आमच्या घरी वाजला नाही.

चौकशीच्या दिवशी आम्ही बापलेक समितीच्या कचेरीच्या आवारात, झाडाखालच्या बाकावर बसलो होतो. फाटकाशी पोलिसांची गाडी उभी होती आणि साडूंचे सहकारी तिला टेकून गप्पा छाटीत होते. त्यांच्यापैकी कोणाची नजर आमच्यावर पडली की मला वाटे, ती मोजमाप घेत आहे. बऱ्याच वेळाने साडू जबाब देऊन बाहेर आले.

"काका, काय सांगितलंत?"

"विचारलं ते."

ते पुढे गेले. "नाहीच सांगितलं बघा," कन्या कुजबुजली. आणि खरे सांगायचे तर माझाही संशय तोच होता.

इतक्यात आतला शिपाई पायरीवर आला आणि त्याने मोठ्याने एक नाव पुकारले. गाडीला टेकलेल्यांपैकी एकाचे हसू जागच्या जागी गोठले.

"हाच," माझ्या मुलीने माझे मनगट घट्ट धरले. "हाच तो."

तो माणूस आत गेला. जाताना त्याने साडूंकडे पाहिले. नंतर इतरांनीही पाहिले. साडू गाडीपाशी पोहोचले, दांडी धरली, एक पाय वर ठेवला. आतल्या बाकावर बसलेल्यांपैकी कोणीही सरकले नाही. त्यांनी पाय खाली घेतला.

मी धावतच त्यांना गाठले. "साडूभाऊ, आमच्याबरोबर चला. चालतच जाऊ."

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मी मागून येतो. बरोबर नको."

आम्ही चालू लागलो. ते मागून येत होते. आणि मी जितक्या वेळा वळून पाहिले, तितक्या वेळा तेही वळून मागे पाहत होते.