बाकावरची दोन मतं

नवरा गेल्यापासून इस्त्रीवालीचं एकच चाललं होतं. कपडे येत होते, ती इस्त्री करत होती, कपडे जात होते. शेजारणी म्हणाल्या, "मोकळी हो गं, रडून घे." पण चावी फिरवली की यायला रडू म्हणजे काय नळाचं पाणी आहे? आत कुणीतरी कापसाचा बोळा कोंबून ठेवलाय असं वाटायचं, एवढंच.

त्यातच मतदारयादीचं काम लागलेली एक शिक्षिका दारात आली. "घरात मतदार किती?"

"दोन," इस्त्रीवाली म्हणाली. इतकी वर्षं याच प्रश्नाला हेच उत्तर दिलेलं, जीभ आपोआप वळली. शिक्षिकेनं खूण केली, पाणी प्यायली आणि गेली. ती जिना उतरल्यावर हिला चूक कळली. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. 'दोन' म्हणताना बरं वाटलं होतं. ते आपल्याच हातानं कशाला पुसायचं?

या दोन मतांची गंमत मात्र सांगायलाच हवी. लग्नानंतरच्या पहिल्या नगरपालिका निवडणुकीत दोघांनी मोठ्या हौसेनं नावं नोंदवली, नटूनथटून रांगेत उभी राहिली. घरी आल्यावर कळलं की त्यानं ज्याला मत दिलं, त्याच्या विरोधकाला हिनं दिलंय. जुंपली. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, तुझं एक, माझं एक, मिळून पूज्य. मग उन्हात कशाला तिष्ठत उभे राहिलो?" तो घड्याळं दुरुस्त करायचा, त्याला वाया गेलेला वेळ सहन होत नसे. तेव्हा करार झाला, की इथून पुढे दोघांपैकी कुणीच मत द्यायचं नाही.

करार झाला, पण भरवसा कुठून आणायचा? म्हणून दर मतदानाला दोघं आपापल्या टपऱ्या, तिची इस्त्रीची नि त्याची घड्याळांची, बंद ठेवून केंद्रासमोरच्या बाकावर जाऊन बसत, एकमेकांवर पहारा द्यायला. थर्मासमध्ये चहा, पिशवीत शेंगदाणे. ती जरा उठली की तो शालीचं टोक धरायचा. "बस खाली. तुझा डाव ओळखून आहे मी." संध्याकाळी केंद्राचं फाटक बंद झालं की दोघं जिंकल्याच्या तोऱ्यात घरी. खरं तर तेवढी एकच सुट्टी ते घेत. लोकशाहीला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, पण त्यांना लोकशाहीचा फार होता.

यंदाचा वाद मात्र थेट पोटावर आला होता. एक उमेदवार म्हणत होता रस्ता रुंद करू, भिंतीकडेच्या टपऱ्या उठवू. दुसरा म्हणत होता टपऱ्या राहतील. घड्याळवाला स्वतःची टपरी जाणार असूनही रस्त्याच्या बाजूनं भांडायचा. "गल्लीत साधी रुग्णवाहिका वळत नाही. आपण दुसरीकडे बसू."

"दुसरीकडे गिऱ्हाईक कोण येणार, तुमचे काका?" ती म्हणायची.

ते भांडण अर्धं राहिलं आणि तो गेला. आता कमावणारी ती एकटीच, आणि टपरी गेली की तीही रिकामी.

मतदानाच्या आदल्या दिवशी टपऱ्यांच्या बाजूचा कार्यकर्ता आला. लग्न असो की मयत, तो सगळ्यांच्या आधी पोचायचा, म्हणून गल्लीत त्याला 'हजर' म्हणत.

"काकू, काकांचं नाव अजून यादीत आहे. त्यांची मतदार-चिठ्ठी द्या. आमचा माणूस जाऊन मत टाकेल. टपरी वाचेल तुमची."

वाचली असती, तिलाही ते कळत होतं. तिनं पिशवीतून चिठ्ठी काढून हातात घेतली, आणि परत पिशवीत ठेवली.

"जिवंतपणी एकदा तरी तुमच्या बाजूनं बोलले का ते? मग मेल्यावर तुम्हाला मत देतील होय?"

"अहो, पण वाया जाईल."

"जाऊ दे. त्यांचं आहे."

दुसऱ्या दिवशी ती सवयीनं बाकावर जाऊन बसली. थर्मास भरून आणला होता, पेलेही दोन. एकाच टोकाला बसली, उरलेली जागा मोकळी ठेवून. मत द्यावं तर करार मोडतो, न द्यावं तर खायचं काय? दिवसभर तिनं हा विचार केला असं म्हणता येणार नाही. ती नुसती रांगेकडे बघत होती. पेल्यांत ओतलेला चहा गार झाला.

फाटक बंद व्हायची वेळ आली तेव्हा ती उठली. उठून उगाच थोडी थांबली. शालीचं टोक कुणी धरलं नाही.

मग ती आत गेली, टपरीच्या बाजूनं शिक्का मारला, कागद घडी करून पेटीत टाकला. अडवलं कुणीच नाही. करार मोडणं इतकं सोपं असतं, हे तिला माहीत नव्हतं.

बाहेर येऊन ती पुन्हा बाकावर बसली. पिशवीतून त्याची चिठ्ठी काढली, शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवली आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर पेला ठेवला.

"अहो, मी मोडला करार," ती हळूच म्हणाली. "आता तुमची पाळी. जा, मी नाही अडवत."

आणि ती खरोखरच वाट बघत बसली. शिपायानं फाटकाचं एक दार ओढलं, मग दुसरं. कडी लागल्याचा आवाज झाला तेव्हा तिच्या आतला बोळा सुटला. ती भर रस्त्यात हमसून हमसून रडायला लागली.

शिपाई घाबरून धावत आला. "काय झालं बाई? मत राहिलं का तुमचं?"

"माझं झालं," ती म्हणाली. "ह्यांचं राहिलं."