खुणांचा रकाना

प्रणवला नाशिकला जायचं होतं आणि त्याचे साहेब प्रतापरावजी त्याला सोडत नव्हते. गोष्ट एवढीच, पण तिनं त्याचा जीव मेटाकुटीला आणला होता. सोमवारी तिथली नवी नोकरी सुरू व्हायची होती, बायको कस्तुरी तान्ह्या मुलीला घेऊन तिथंच एकटी राहत होती, आणि भंवरकुआंच्या या ऑफिसातून सुटकेचं पत्र मिळाल्याशिवाय नव्या नोकरीवाले त्याला दारात उभं करणार नव्हते.

हे ऑफिस कोचिंग क्लासेसना सॉफ्टवेअर पुरवायचं. त्यातलं विद्यार्थ्यांच्या माहितीचं टेबल प्रतापरावजींनी स्वतः बांधलेलं. हॉस्टेल, बस, स्कॉलरशिप, टेस्ट सिरीज, प्रत्येकाला वेगळा रकाना कशाला, म्हणून त्यांनी सगळ्या खुणा एकाच आकड्यात कोंबल्या. हॉस्टेलचा एक, बसचे दोन, स्कॉलरशिपचे चार, टेस्ट सिरीजचे आठ. ज्याला जे लागू, त्याची बेरीज करून एका रकान्यात ठेवायची. बिटांची ही करामत ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवायचे.

विद्यार्थी लाखांवर गेले आणि हुशारी अंगाशी आली. ‘स्कॉलरशिपवाले दाखव’ म्हटलं की स्क्रीन नुसती गरगरायची आणि क्लासवाले फोनवर आगपाखड करायचे. कुठली क्वेरी, म्हणजे टेबलला विचारलेला प्रश्न, कशी वळवली की सर्व्हर तग धरतो, हे एकट्या प्रणवला ठाऊक. टेबल बदलू म्हटलं, तर प्रतापरावजींचं एकच पालुपद, "भिया, मी इंडेक्स लावलाय ना त्याच्यावर! मेरे टेबल को हाथ नहीं लगाना."

वर त्यांचा नियम असा, की जाणाऱ्यानं आपल्या जागी माणूस तयार करायचा. त्या माणसानं केबिनमध्ये त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तरच पत्र.

तयार करायला होती शिखा, इथल्याच मल्हारगंजची, यंदाच लागलेली. शुक्रवारी सकाळी प्रणव तिला समजावायला बसला, तर तिनंच त्याचं वाक्य तोडलं.

"सर, इंडेक्स म्हणजे डिक्शनरीसारखा ना? पूर्ण आकड्याच्या क्रमानं लावलेला. आणि आपण विचारतो, ज्याच्या पोटात चार आहे ते सगळे द्या. मतलब, तिसरं अक्षर ‘क’ असलेले शब्द शोधा! एक-एक ओळ खोलूनच बघावी लागणार. स्कॉलरशिपची खूण वेगळी काढा, तिला तिचा इंडेक्स द्या. वो तो मुट्ठीभर हैं, लगेच सापडतील."

प्रणवला तिला कुठं ठेवू अन् कुठं नको असं झालं. जेवणाआधीच तो तिला केबिनमध्ये घेऊन गेला.

"बोल बेटा," प्रतापरावजी म्हणाले, "इंडेक्स असूनही ही स्कॉलरशिपची क्वेरी स्लो का?"

शिखानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सर, ते... नेट स्लो असेल."

"नेट!" त्यांनी कपाळावर हात मारला. "प्रणव भिया, अभी नहीं हुआ. दोन महिने और शिकवा हिला."

प्रणवला लख्ख कळलं. या ऑफिसात ज्याला कळतं तो अडकतो, हे पोरीनं केव्हाच ओळखलं होतं. ती विनवणीच्या नजरेनं त्याच्याकडे बघत होती. त्यानं फक्त गप्प बसायचं होतं. पण रोज संध्याकाळी फोनवर मुलीचं रडणं ऐकून त्याचा धीर संपला होता.

"सर, तिला सगळं येतं," तो म्हणाला. "सकाळी तिनंच मला सांगितलं. डिक्शनरीचं उदाहरण देऊन. घाबरली असेल."

प्रतापरावजींनी तिला पुन्हा विचारलं. आता खोटं बोलायला जागाच नव्हती. शिखानं भिंतीकडे बघत सगळं सांगितलं, उपायासकट.

"शाब्बास! टेबल का छोड़, बाकी सही है. आजपासून हे सगळं तू बघणार." त्यांनी तिथंच प्रणवच्या पत्रावर सही केली.

प्रणवला लाज वाटली. पण सुटल्याचा आनंद त्याहून मोठा होता, आणि त्याची त्याला जास्तच लाज वाटली.

बाहेर आल्यावर शिखा म्हणाली, "पुण्याहून माझं पण बोलावणं आलंय सर. आजच राजीनामा देणार होते."

तिनं खुर्ची ओढली आणि ती त्याच्या स्क्रीनसमोर बसली.

"आता सगळं नीट सांगा. और एक बात, नवीन भरती कब है? मलाही कुणाला तरी फसवायचंय ना."